उशीवरचा मुकुट

फेलिस्मिनाची आई, दोना उम्बेलिना, किल्ल्यातल्या मारियामाउलीच्या चर्चमध्ये झाडलोट करायची. बाप खाणीत होता. फेलिस्मिना लहान असतानाच तो दगडाखाली गेला. पोर्तुगालातल्या आमच्या विला विसोझा गावात अशी घरे पुष्कळ आहेत. जमिनीखाली संगमरवर आहे आणि तो फुकट वर येत नाही.

त्या घरात पुस्तक नव्हते, पण राजे होते. वाटाणे सोलता सोलता उम्बेलिना राजांची नावे म्हणायची, जशी दुसऱ्या घरात आजा-पणजाची म्हणतात. चौथा जुआंव. त्याचा मुलगा सहावा अफोन्सु. त्याचा भाऊ दुसरा पेद्रु. त्याचा पाचवा जुआंव, त्याचा जुझे, जुझेची लेक मारिया. असे करत करत कार्लुशपर्यंत यायची आणि तिथे जरा थांबायची. कार्लुश राजा सकाळी आमच्या गावच्या राजवाड्यातून निघाला, आगगाडीत बसला, आणि त्याच संध्याकाळी लिस्बनच्या चौकात गोळी लागून मेला. माझ्या आजीने त्याच्या चादरी धुतल्या होत्या. पुढे त्याचा धाकटा मुलगा मानुएल दोन वर्षे राजा होता. पण उम्बेलिना त्याला घाईघाईने उरकायची, कारण तोवर वाटाणे संपत आलेले असायचे.

या ब्रागांसा घराण्याची गोष्ट आमच्या गावात कोणी शिकवत नाही. ती असतेच. साठ वर्षे स्पेनच्या फिलिपांनी आमच्यावर राज्य केले. मग आमच्या गावचा सरदार उठला, तिसऱ्या फिलिपला घालवले आणि चौथा जुआंव म्हणून गादीवर बसला. काही वर्षांनी त्याने आपला मुकुट आमच्या माउलीला वाहिला. त्या दिवसापासून पोर्तुगालच्या एकाही राजाने डोक्यावर मुकुट घातला नाही. चित्र काढायचे झाले तरी राजा बोडका आणि मुकुट शेजारी, उशीवर. आमच्या गावच्या मुलाला राजा काढायला सांगा. तो आधी उशी काढेल.

हे सगळे सांगतोय कारण पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

फेलिस्मिना चौदाव्या वर्षी अन्सेल्मु मेस्त्रींच्या कारखान्यात पॉलिशला लागली. मी तिथे करवतीवर होतो. पॉलिशचे काम बायकांचे, असे तेव्हा ठरलेले होते. दिवसभर हात पाण्यात, खरखरीत दगडाने संगमरवर घासायचा, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक. हिवाळ्यात बोटे फुटतात. बहुतेक बायका बोलत बोलत घासायच्या. फेलिस्मिना गप्प असायची, आणि तिची पाटी आरशासारखी निघायची. घासताना दगड कळतो. शीर कुठे वळते, कुठे तो मऊ आहे, कुठे दगा देणार आहे, हे डोळ्यांआधी तळहाताला समजते. छिन्नी धरणारे पुष्कळ कारागीर हे कधीच शिकत नाहीत, कारण त्यांनी कधी घासलेले नसते.

एकदा एक थडग्याची पाटी उलटी केली तर मागच्या बाजूला जैतुनाची डहाळी कोरलेली. मेस्त्रींनी सगळ्यांना उभे केले.

“कोणी केलंय हे?”

जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला.

“मेलेल्या माणसाच्या पाठीवर फळं कोण लावतंय, विचारतोय मी!”

“मी, मेस्त्री,” फेलिस्मिना म्हणाली. “जेवणाच्या सुट्टीत. दुपारी करवत बंद असते, तेव्हा.”

मेस्त्रींनी डहाळीवरून अंगठा फिरवला. “ही पानं बघ. सगळी एकीकडेच वळलीत. आमच्याकडे वारा काय एकाच बाजूनं वाहतो?” आणि छिन्नी तिच्या हातात दिली. “नीट कर. माझ्यासमोर.”

त्यानंतर ती सकाळी घासायची आणि दुपारी कोरायची. आधी थडग्यांवरची अक्षरे, मग फुले, मग हात, मग कान. मेस्त्री म्हणायचे, ज्याला कान जमला त्याला माणूस जमला. बाकीच्या कारागिरांनी आधी टिंगल केली, मग तिच्याकडून कान करून घ्यायला लागले. तरी पगाराच्या दिवशी ती पॉलिशवाल्या बायकांच्या रांगेत उभी राहायची. कारागीर म्हणून तिला कोणी कधी हाक मारली नाही. तशी वर्षे गेली. तिने एका बसवाल्याशी लग्न केले, आई म्हातारी झाली, राजकारण पालटले, आणि आमच्या कारखान्याच्या भिंतीवर कम्युनिस्टांचा लाल झेंडा लागला. तो मेस्त्रींनी स्वतः लावला होता.

त्याच सुमारास मेस्त्रींचा उजवा हात थरथरायला लागला. ते हात खिशात घालून फिरायचे. आम्ही बघितले नाही असे दाखवायचो.

मग बाल्तझार किंतेला आला. उत्तरेतल्या बार्सेलुशचा माणूस. तरुणपणी फ्रान्सला पळाला, तिथे विटा उचलल्या, पुढे स्वतःच्या इमारती बांधल्या आणि आता गावी परतून पाहुण्यांसाठी मोठे घर बांधत होता. त्याला बागेतल्या जिन्यासाठी राजे हवे होते. कमरेपर्यंतचे, माणसाच्या मापाचे.

“ब्रागांसा,” तो म्हणाला. “आमच्या गावात त्यांचा जुना पडका वाडा आहे. लहानपणी मी तिथनं अंजिरं चोरायचो. म्हटलं, आता परतफेड करावी.”

“सेन्योर बाल्तझार,” मेस्त्रींनी झेंड्याकडे बोट दाखवले. “तुम्ही योग्य जागी आलात ना?”

“राजे घडवायला राजा आवडायला लागतो का?”

“नाही. गिऱ्हाइक आवडलं तरी पुरतं.”

दोघे हसले आणि ठरले. सगळ्यात खालच्या पायरीवर पहिला जुआंव. तो ब्रागांसा नव्हे, त्यांचा मूळपुरुष. त्याच्या लग्नाबाहेरच्या मुलापासून हे घराणे निघाले. मग तिसरा फिलिप. मग चौथ्या जुआंवपासून कार्लुशपर्यंत निवडक.

“फिलिप कशाला?” मी विचारले. “त्याला तर घालवला.”

“गोष्टीत चोर नको का?” बाल्तझार म्हणाला. “चोरच नसेल तर घरधनी परत कशाला येईल?”

एक डिसेंबरला, म्हणजे फिलिपला घालवल्याच्या दिवशी, जिना उघडायचा होता. त्याला सगळे राजे एकाच दगडाचे हवे होते. फिकट गुलाबी झाक असलेला तो थर आमच्या जुन्या खाणीत शेवटचा उरला होता. मी ठोकळे कापले. राजे जितके, ठोकळे तितके. त्यानंतर खाणीत पाणी भरले आणि तो थर संपला.

मेस्त्रींनी फेलिस्मिनाला बोलावले, आम्हा सगळ्यांसमोर.

“हे राजे तू करायचेस.”

“सगळे?”

“सगळे. माझा हात बघतेस ना? मग विचारू नकोस. हे दारातनं बाहेर गेले आणि परत आले नाहीत, तर माझ्यानंतर हा कारखाना तुझा. दारावरच्या दगडात माझ्या नावाखाली तुझं नाव लागेल. पण एक जरी राजा फुकट गेला तर परत पॉलिशला, फडका आणि पाणी. माझ्यानंतर इथं कोण बसतंय ते हीच माणसं ठरवतील, आणि चुकलेल्याच्या हाताखाली ती राहणार नाहीत. तुला माहीत आहेत ही.”

माहीत होतीच. मीही त्यातलाच एक होतो. चुकलेल्या हाताखाली मी कधी काम केले नसते.

तिने वसंतात सुरुवात केली. घाई नाही, गप्पा नाहीत. ती दगडाला आधी पाण्याने भिजवायची आणि तो वाळताना बघत बसायची, कारण शीर वाळताना दिसते. मगच पहिला घाव. पाचव्या जुआंवचे केस बघायला लोक यायचे. मारिया राणीचा चेहरा तिने जरा हरवलेला केला. राणीला म्हातारपणी वेड लागले होते, आणि वेड दाखवायला फेलिस्मिनाने फक्त नजर अर्धा बोट बाजूला वळवली. मेस्त्री ते बघून काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून याहून जास्त शाबासकी मी चाळीस वर्षांत ऐकलेली नाही.

पहिला जुआंव तिने शेवटी घ्यायचा ठरवला होता, पण मध्येच त्याचा ठोकळा तिला आवडला आणि तो झाला. रुंद खांदे, दाट केस, छातीवर आलेली दाढी. शेजारी उशी, उशीला गोंडे, आणि उशीवर मुकुट. सुरेख मुकुट होता. मी स्वतः तो घासायला मदत केली. कारखान्यातला प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून रोज गेला. कोणाला काही खटकले नाही.

नोव्हेंबरातल्या सान मार्तिन्युच्या सणाला, नवी दारू उघडतात आणि शेंगदाण्यासारखे चेस्टनट भाजतात त्या दिवशी, बाल्तझार राजे बघायला आला. एकटा फिलिप तेवढा व्हायचा होता. त्याचा ठोकळा कोपऱ्यात तसाच होता. बाल्तझार हातात गरम चेस्टनट घेऊन एकेकासमोर थांबत गेला. खूश होता. पहिल्या जुआंवसमोर आला आणि थांबला तो थांबलाच.

“याचा मुकुट कुठाय?”

“हा काय,” फेलिस्मिना म्हणाली. “उशीवर.”

“उशीवर का?”

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. किती भोळा माणूस!

“राजाचा मुकुट उशीवरच असतो, सेन्योर,” ती म्हणाली. “माउलीला दिलाय ना.”

“चौथ्या जुआंवनं दिला. हा पहिला आहे. हा मेल्यावर दोनशे वर्षांनी तो दिला. याच्या डोक्यावर होता मुकुट! शाळेच्या पुस्तकात मी याला चष्मा काढला होता, तो मुकुटाखालीच बसवला होता. मार खाल्लाय मी त्यासाठी, चांगला आठवतोय.”

कोणी हसले नाही.

फेलिस्मिनाचा चेहरा दगडाच्या भुकटीसारखा पांढरा झाला. तिने पुतळ्याकडे बघितले, मग मेस्त्रींकडे. मेस्त्रींनी खिशातला हात बाहेर काढला आणि कपाळावर ठेवला. तो थरथरत होता आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती.

“मी पण बघितला की रोज,” ते म्हणाले. “मला पण नाही दिसलं.”

“तुम्हा विसोझावाल्यांना उशी घेऊनच जन्माला घालतात वाटतं,” बाल्तझार म्हणाला. तो रागावला नव्हता, पण त्याला माघार घ्यायची नव्हती. “असा नाही चालणार मला. खालच्या पायरीवर पहिलाच राजा चुकीचा? बार्सेलुशचे लोक मला हसतील. वरून मुकुट चिकटवून देऊ नका. जोड दिलेला दगड मी माझ्या घरात ठेवत नाही.”

यात तो बरोबर होता. जोड हा जोडच. थंडीत उघडा पडतो.

दुसरा ठोकळा नव्हता. तो थर पाण्याखाली. एक कारागीर माझ्या कानाशी म्हणाला, “आता फडका.” मी त्याला गप्प बस म्हणालो, पण माझ्या मनात तेच होते. संगमरवरातून काढता येते, त्याला घालता येत नाही. हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात.

फेलिस्मिना बाहेर गेली नाही, रडली नाही. तिने ओला फडका घेतला आणि पुतळा भिजवला. सगळा, डोक्यापासून उशीपर्यंत. आणि तो वाळताना बघत उभी राहिली. आम्ही तिला बघत उभे राहिलो. मग तिने तळहात त्याच्या डोक्यावर ठेवला, खाली दाढीपर्यंत आणला, परत वर नेला.

आणि मान वळवून भिंतीकडे बघितले. तिथे मेस्त्रींच्या टेबलाच्या वर एक फोटो लावलेला होता. काही वर्षांपूर्वी पॉलिशच्या बायका बस करून काश्तेलो ब्रांकोला गेल्या होत्या. तिथल्या बिशपच्या बागेत जिन्यावर पोर्तुगालचे सगळे राजे ओळीने उभे आहेत, आणि त्यांत स्पेनचे फिलिप बाकीच्यांपेक्षा लहान घडवलेले आहेत. मुद्दाम. फोटोत आमच्या बायका फिलिपभोवती दाटीने उभ्या आहेत आणि फेलिस्मिनाचा हात त्याच्या डोक्यावर आहे, शेजारच्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

“मेस्त्री,” ती म्हणाली, “फिलिपच्या डोक्यावर मुकुट असतो ना?”

“असतो. त्यानं कुठं कोणाला दिला? चोर तो.”

“आणि तो लहान चालतो.”

मेस्त्रींनी फोटोकडे बघितले. मग पुतळ्याकडे. मग कोपऱ्यातल्या कोऱ्या ठोकळ्याकडे. त्यांना कळले. मला जरा उशिरा कळले.

“बोल,” ते म्हणाले. “मोठ्यानं. सेन्योरना पण ऐकू दे.”

“याचाच फिलिप करते. तोंड खाली सरकवायचं. या दाढीत नवं तोंड बसतं, या मिशीत नवं नाक. मग हे सगळं कपाळ न् केस मोकळे राहतात, त्यात मुकुट. खांदे तासले की फिलिपची ती ताटासारखी कॉलर निघते. उशी काढूनच टाकायची. दगड घालायचा नाहीये मेस्त्री, काढायचाच आहे. फिलिप वीतभर लहान होईल. आणि त्याचा ठोकळा उरतो, पूर्ण मापाचा. तो जुआंवला. मुकुट डोक्यावर.”

“आणि मान?” मेस्त्रींनी विचारले. “तोंड खाली आणलंस तर मान कुठनं आणणार?”

“कॉलरमध्ये मान दिसतच नाही.”

मेस्त्री बाल्तझारकडे वळले. “काय म्हणता? तुमचा चोर लहान निघेल.”

“काश्तेलो ब्रांकोत खरंच लहान आहेत?”

“माझ्या कमरेइतके,” फेलिस्मिना म्हणाली. जरा फुगवूनच सांगितले तिने.

बाल्तझारने उरलेला चेस्टनट तोंडात टाकला, चघळला. “मग माझा त्यांच्याहून लहान करता येईल का?”

तेव्हा कारखाना हसला.

हसणे सोपे होते. एक डिसेंबर जवळ होता आणि दोन राजे व्हायचे होते, त्यात एक घडलेल्या दगडातून. घडलेला दगड कोऱ्यापेक्षा अवघड. कोऱ्यात चुकायला जागा असते. तिने आधी फिलिप घेतला, कारण तो बिघडला असता तर जुआंव करून उपयोग नव्हता. मोठी छिन्नी वापरलीच नाही. सगळे बारीक टाकीने, तासत तासत. पहिल्या दिवशी जुआंवचे नाक गेले. आम्ही दुसरीकडे बघत होतो. नंतर काही दिवस त्या दगडाला तोंडच नव्हते. मग मिशीच्या जागेतून नवे नाक वर यायला लागले, लांबट, आणि त्याखाली वर वळलेली मिशी, आणि शेवटी ताटासारखी कॉलर.

मी त्या दिवसांत कोपऱ्यातला कोरा ठोकळा तिच्या मापाने कापून दिला, तिला खांद्याचे जाड काम वाचावे म्हणून. अगदी रेघेवर कापला. चुकलेल्या हाताखाली काम करायचे नसेल तर आपला हातही चुकता कामा नये. बाकीचे कारागीरही आले. एकाने जुआंवच्या चिलखताची किनार केली, एकाने मागची बाजू सपाट केली. तिने कोणाला बोलावले नव्हते. ‘आता फडका’ म्हणाला होता तो पॉलिशला बसला, बायकांच्या ओळीत, हात पाण्यात घालून. बायकांनी त्याला भरपूर ऐकवले.

“अगं बघ, नवी पोरगी आलीये!”

“बोटं जपून हो बाई, नवरा काय म्हणेल!”

त्याने मान खाली घातली आणि घासत राहिला. बरे घासले.

मुकुट जुआंवच्या डोक्यावर चढला त्या दिवशी म्हाताऱ्या उम्बेलिनाला कारखान्यात आणले. तिने दोन्ही पुतळ्यांना हात लावून बघितले. तिला डोळ्यांनी कमी दिसायचे. जुआंवच्या डोक्यावर मुकुट लागला तेव्हा तिने हात झटकन मागे घेतला.

“अगं, हा काय टोपी घालून बसलाय माउलीसमोर?”

“आई, हा त्याच्या आधीचा आहे. तू मला याचं नाव कधी सांगितलंच नाहीस. तू चौथ्यापासून सुरू करायचीस.”

“वाटाणे तेवढेच असायचे,” उम्बेलिना म्हणाली.

राजे वेळेत गेले. मी ट्रकबरोबर गेलो होतो, मेस्त्रीही आले. बार्सेलुशला पाऊस होता. ओल्या जिन्यावर राजे चढवायला आम्हाला दोन दिवस लागले. एक डिसेंबरला सगळा गाव आला. लोक पहिल्या जुआंवला मान देऊन वर जायचे, फिलिपपाशी थांबायचे आणि त्याच्या मुकुटावर थोपटायचे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी थोपटले. बाल्तझारची बायको म्हणाली, हा एकटाच घरचा वाटतो.

एकही राजा परत आला नाही.

आठ डिसेंबर, माउलीचा सण. त्या दिवशी कारखाना बंद असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रींनी दारावरचा दगड खाली उतरवला आणि तिच्या कामाच्या ओट्यावर ठेवला. त्यावर ‘अन्सेल्मु’ होते, त्यांनी तरुणपणी स्वतः खोदलेले, खोल आणि सरळ.

“खाली तुझं नाव खोद. मला आता जमणार नाही. तुझं तूच खोदायला लागेल.”

आम्ही कामाला लागलो. दुपारपर्यंत तिने खोदले, पुसले आणि बाजूला झाली. अक्षरे स्वच्छ होती, पण मेस्त्रींच्या नावाच्या अर्ध्या उंचीची.

मेस्त्री वाकून बघत राहिले. मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे मान केली.

“तू काय फिलिप आहेस?”

तिने फडक्याने अक्षरे परत पुसली.

“विचारतोय. स्पेनहून आलीस? चोरून घेतलास कारखाना?”

“नाही, मेस्त्री.”

“मग माझ्याएवढं कर. अक्षर मोठं करायला दगड लागत नाही. अजून खोदायचं असतं फक्त.”

तिने छिन्नी उचलली. करवत बंद करून मी बघायला गेलो, आणि मेस्त्रींनी मला हाकलले, कारण सुट्टी झालेली नव्हती.